नोंदीसाठी नाव सांगा

ऑल्डन थिबोडो हा माझा अशील. व्हरमाँटचा, वय अठ्ठ्याहत्तर. आयुष्यात त्यानं एकच शोध लावला: अंधार पडला की आपोआप बंद होणारं खुराड्याचं दार. बार्नहोल्ड नावाच्या बड्या कंपनीनं ते सरळ ढापलं, म्हणून ऑल्डननं दावा ठोकला. त्याचं पेटंट रद्द करा म्हणत अलेक्झांड्रियाच्या पेटंट मंडळाकडे यायला बार्नहोल्डला एक वर्ष होतं. त्यांनी ते झोपा काढत घालवलं. मुदत टळली आणि महिनाभरातच क्लकवेल नावाची, काल जन्मलेली कंपनी तीच मागणी घेऊन हजर झाली.

मागे बार्नहोल्डच आहे, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. तसं सिद्ध झालं तर मागणी बाद आणि पेटंट शाबूत. पण दोघांचा पत्रव्यवहार मागायचा, तर त्यात काही सापडेल हे नुसत्या संशयापलीकडे आधी दाखवावं लागतं. म्हणजे पत्रं न बघता पत्रांत काय आहे ते सांगा! सतरा वर्षं या नियमानं माझं डोकं फिरतंय.

"खुराड्यात पिसं पडलीत, कोंबडी गायब, आणि म्हणतात आधी कोल्हा दाखवा?" ऑल्डन म्हणाला.

"हेच उद्या मी जरा सभ्य शब्दांत मांडणार आहे. मंडळाची सुनावणी फोनवर आहे. तुम्ही फक्त ऐकायचं. अवाक्षर काढायचं नाही."

"नाही काढणार, पोरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला फोन जोडला गेला. पलीकडे तीन न्यायाधीश, क्लकवेलचा वकील व्हँडरमीर आणि शब्दन् शब्द टिपून घेणारी लघुलेखिका अर्लीनबाई. हजेरी झाली. माझा अशील ऐकतोय, हे मी सांगितलं. व्हँडरमीर म्हणाला, "मी एकटाच आहे."

माझं सांगून झाल्यावर न्यायाधीश क्विंबीबाईंनी विचारलं, "हा झाला संशय. पुरावा कुठाय?"

माझ्याकडे नव्हता.

व्हँडरमीरला चेव चढला. "बार्नहोल्डचा यात काडीचा संबंध नाही. क्लकवेलनं अर्जाचा मसुदा एकट्यानं केला आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पूर्ण केला."

"तिसऱ्या," एक अनोळखी आवाज आला. "दुसऱ्यात आमची खाडाखोड चालू होती."

वकिलाला खोटं पचतं, पण चुकलेली तारीख पचत नाही.

सवयीनं अर्लीनबाई म्हणाल्या, "आता कोण बोललं? नोंदीसाठी नाव सांगा."

कुणीच सांगेना. त्यांनी पुन्हा विचारलं.

"लिही बाई," ऑल्डन म्हणाला, "कोल्हा."

क्विंबीबाई बराच वेळ खोकल्या. मग कडक आवाजात त्यांनी नाव वदवून घेतलं. गुपचूप फोनवर ऐकत बसलेला तो बार्नहोल्डचाच वकील निघाला. मला पत्रव्यवहार मागायची परवानगी मिळाली. पण तो मागायची वेळच आली नाही. अर्लीनबाईंच्या नोंदीचा उतारा हातात पडला त्याच दुपारी क्लकवेलनं आपली मागणी मागे घेतली.

मी ऑल्डनला फोन केला. पेटंट वाचलं, असं त्याला सांगितलं. तो नाक शिंकरून म्हणाला, "मी बोलायला नको होतं ना, पोरी?"

"अजिबात नको होतं."

"त्यानंसुद्धा."