खुर्चीतला रुग्ण

खुर्चीत बसण्याआधी शिवणकाम करणाऱ्या बाईंनी गादीवर हात फिरवला. गादी उबदार लागली. सकाळपासून तिथे कुणीही बसलं नव्हतं.

"बसा हो, चावत नाही ती!" निवृत्त कंडक्टर म्हणाले आणि गोलात बसलेली सगळी मंडळी हसली.

मंडळी म्हणजे तुमच्याआमच्यासारखीच माणसं, चिठ्ठ्या टाकून निवडलेली. गावच्या रुग्णालयात नर्स अपुऱ्या होत्या. डायलिसिसची संध्याकाळची पाळी चालू ठेवायची, की ती बंद करून तिथल्या नर्स नवजात बाळांच्या विभागाला द्यायच्या? डॉक्टरांनी हात टेकले होते. म्हणाले, रुग्णालय तुमचं, तुम्हीच ठरवा.

सभेची एक रीत होती. ज्याच्या जिवाचं ठरतंय तो समोर नसतो, म्हणून एक खुर्ची त्याची. त्याच्या वतीने तिच्यात बसणाऱ्याने 'मी' म्हणूनच बोलायचं आणि मध्ये कुणी तोंड उघडायचं नाही. आणखी एक नियम होता. ज्याच्या घरचं माणूस यात अडकलंय, त्याने पहिल्याच दिवशी सांगून बाहेर पडायचं.

बाईंनी सांगितलं नव्हतं. त्यांचा नवरा त्याच संध्याकाळच्या पाळीला मशीनवर असायचा. दिवसाच्या पाळ्या गच्च भरलेल्या, दुसरं रुग्णालय त्याच्या तब्येतीला न झेपण्याइतकं लांब. पाळी गेली की तो गेला, इतका सरळ हिशेब. नवऱ्याच्या जिवासाठी खोटं बोललं तर कसलं आलंय पाप?

आज डायलिसिसच्या रुग्णाची चिठ्ठी त्यांच्याच वाट्याला आली, तेव्हा त्यांना आनंद लपवता आला नाही. भाषण तोंडपाठ होतं. मला जगायचंय, इथून सुरुवात करायची.

त्या बसल्या. डावा हात आपोआप खुर्चीच्या हातावर गेला, तळवा वर. नवरा मशीनशी बसला की हात असाच ठेवायचा.

"मी दमलोय," त्या म्हणाल्या.

हे भाषणात नव्हतं. बाई दचकल्या, पण तोंड थांबलं नाही.

"माझ्या बायकोची झोप मी खाल्ली. रात्री मी कूस बदलली तरी ती उठून बसते. पाणी मोजते, मीठ मोजते. हसायची विसरली ती. मी गेलो तर रडेल. पण मग झोपेल, पोटभर झोपेल. द्या त्या नर्स लेकरांना. मला सोडा आता."

आवाज संथ होता, थोडा घोगरा. बाईंना ओरडून सांगायचं होतं, थांबा, हे माझं नाही! जीभ ऐकेना. कानांत पंखा गरगरत होता आणि पंखा तर बंद होता.

मग सगळं एकदम थांबलं. गोलात बसलेल्या एक शिक्षिका डोळे पुसत होत्या.

"अंगावर काटा आला," कंडक्टर हळूच म्हणाले. "खरा माणूसच येऊन बोलून गेला की हो."

मत घेतलं गेलं. बाळांच्या बाजूने एकेक करत सगळे हात वर गेले. बाईंनी मान वळवून पाहिलं, तर आपलाही हात वर. सभा चालवणाऱ्या ताईंनी विचारलं, "कुणाला काही सांगायचंय?" अजून वेळ होता. बाई एक वाक्य बोलल्या असत्या तरी सगळं फिरलं असतं. त्यांनी पिशवी उचलली.

घरी जाताना त्यांनी मनाची समजूत घातली. तोच बोलला. दुसरं कोण बोलणार? बिचाऱ्याला स्वतःच्या तोंडाने सांगवत नव्हतं, म्हणून माझ्यात येऊन बोलला. हे पटलं तसं छातीवरचं ओझं उतरलं. कितीतरी दिवसांनी त्यांना कडकडून भूक लागली. आणि त्या भुकेचीच लाज वाटली.

दार उघडलं तर नवरा पलंगावर उठून बसलेला, घामाने निथळत.

"अहो, काय झालं?"

"दुपारी डोळा लागला गं. भलतंच स्वप्न. मी खुर्चीत बसलोय, भोवती माणसं. जीव तोडून सांगतोय, पाळी बंद करू नका, मला जगायचंय. पण कुणाला ऐकूच जाईना."

"का?"

"मागून कुणीतरी माझं तोंड दाबून धरलं होतं." तो कसनुसा हसला. "बोटं खरखरीत होती, सुया टोचलेली. बघ, स्वप्नालासुद्धा तुझाच हात सापडला! जाऊ दे. ये, बस अशी. घाबरलोय मी जरा. हात दे तुझा."

त्याने हात पुढे केला. बाईंनी आपले दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि त्या दारातच उभ्या राहिल्या.