दुसरा पास

बर्नच्या संसदेत प्रत्येक खासदाराच्या हाती बाहेरच्यांना आत येण्याचे दोनच पास असतात. ते कुणालाही द्यावेत, पण घेणारा आपला कोण लागतो हे जाहीर यादीत लिहावं लागतं. उर्सिना बिएरीचा पास बारा वर्षं एका मित्र-खासदाराच्या नावावर होता. यंदा निवडणुकीत तो बापडा पडला, आणि त्याच्याबरोबर तिचा पासही गेला.

उर्सिना हौशी मासेमारांच्या संघटनेची माणूस, संसदेत त्यांची बाजू मांडणारी. ओढे आटले तर मासे कुठले? गुरुवारी नेमकं ओढ्यांवरच्या बंधाऱ्यांचं विधेयक होतं. आत शिरता आलं नाही तर तुमच्या जागी दुसरं कुणीतरी शोधू, असं संघटनेच्या अध्यक्षांनी तोंडावर सांगितलं होतं. तिने नऊ खासदारांना फोन केले. सगळे गोड बोलले आणि सगळ्यांचे पास आधीच दिलेले निघाले.

सोमवारी सकाळी ती संसदेसमोरच्या कॉफीच्या दुकानात तोंड पाडून बसली होती. तेवढ्यात समोरची खुर्ची ओढून बसला तो सेवेरिन स्टाडेलमन! एंटलेबुखचा शेतकरी, खासदार आणि बंधाऱ्यांचा कट्टर कैवारी.

"काय उर्सिनाबाई, बाहेर गारठा फार आहे म्हणे?"

"चोळा मीठ, सेवेरिनराव. बांधा आता हवे तेवढे बंधारे."

"पास हवाय?"

"थट्टा पुरे."

"थट्टा कसली? बायको म्हणते, तुमची भाषणं घरी ऐकते तेवढी बास. तिचा पास पडूनच आहे."

उर्सिनाने डोळे बारीक केले. "यात तुमचा डाव काय?"

"गेल्या वेळी तुम्हाला न विचारता कायदा केला. तुम्ही शंभर दिवसांत पन्नास हजार सह्या गोळा केल्यात आणि लोकांच्या मतदानात तो आडवा केलात. मी गावोगाव ओरडत हिंडलो, घसा बसला! त्यापेक्षा आत बसून भांडा. बाहेरच्या उर्सिनाबाई मला झेपत नाहीत."

तिला हसू आवरेना. त्याच्या कॉफीचे पैसेही तिनेच दिले.

बुधवारी नवी यादी लागली. मित्राच्या यादीत बारा वर्षं तिच्या नावापुढे 'पाहुणी' असं लिहिलेलं असायचं, लोकांनी नाकं मुरडू नयेत म्हणून. स्टाडेलमनने लिहिलं होतं: 'विरोधक'.

तिचा ऊर भरून आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी तिला उघडपणे आपलं म्हटलं होतं. मग डोळे पुसून ती त्याला गाठायला आत धावली, कारण विधेयकाच्या सातव्या कलमात त्याने पुन्हा लबाडी केली होती.