चुका शून्य

‘चुका शून्य’ अशी हिरवी अक्षरं पडद्यावर पुन्हा उमटली आणि दीक्षानं कपाळावर हात मारून घेतला. तिनं मुद्दामच पाण्याचा पाइप विजेच्या तारेला जोडला होता. यंत्र बांधण्याआधी त्याचा आराखडा कॉम्प्युटरवर मांडून तपासायचा, असं हे पुण्याच्या कंपनीचं सॉफ्टवेअर. त्यातले दोष शोधणं ही दीक्षाची नोकरी, तीही कळंबच्या घरात बसून.

तिनं तिच्या साहेबांना, कुलदीपला, फोन लावला.

“ती तपासणी कुणी लिहिलेलीच नाही गं,” तो आरामात म्हणाला.

“मग चुका शून्य कशाला दाखवतंय, सर?”

“जे विचारलंच नाही ते कसं सांगणार? पुढच्या वेळी बघू.”

फोन ठेवला तरी जिवाला चैन पडेना. चहा केला, तो तसाच निवला. ती खिडकीशी गेली, परत आली. मग मोबाइलकडं बघत उभी राहिली. येडशीला आबा एकटेच राहत. काही झालं तर त्यांनी मिस कॉल द्यायचा, नाही आला तर सगळं ठीक, असं बापलेकीत ठरलेलं. कितीतरी दिवसांत मिस कॉल नव्हता आणि ही बया खुशाल बिनघोर होती. तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिनं आबांना फोन लावला. नुसताच वाजत राहिला. तिनं स्कूटी काढली.

आबा दारातच खाटेवर बसले होते.

“आलीस व्हय? काम न्हाय का आज?”

शब्द ओठांतून घसरत होते. सदऱ्याची बटणं खालीवर लागलेली. उजवा हात मांडीवर नुसता पडून होता.

“आबा, कवा झालं हे?”

“आयतवारी. लई न्हाय, जरा बधिर झालाय.”

“मग मिस कॉल का न्हाय दिला तुमी?”

“ह्या हातानं बटन दबंना. अन् म्हनलं, तू इचारशील तवा सांगू.”

दीक्षाला रडू कोसळलं. डोळे पुसतच तिनं येडशीतल्याच ओळखीच्या रिक्षावाल्याला फोन केला. “दवाखान्यात जायचंय, लगेच ये,” एवढंच तिला सांगता आलं.

रिक्षा दाराशी आली. ती आबांना उठवायला वाकली, तसा त्यांनी डावा हात आडवा धरला. उभी नोकरी त्यांनी रेल्वेच्या रुळांवर केली होती, ती कडक इस्त्रीच्या कपड्यांत.

“असा नगं नेऊस, बाय. बटनं नीट लाव आदी.”

ती खाली बसली. सगळी बटणं काढून तिनं वरपासून लावायला घेतली. आबांनी हनुवटी वर केली.