रेडिओतला माधव

“मरता तो,” भाई म्हणाला. “शेवटच्या पानार मरता.”

“कोण मरता?” तुळसेने किटली खाली ठेवली.

“माधव गो, रेडिओवरचो. मी पुस्तक वाचलंय ना! ब्रह्मदेशात गोळी लागता तेका. आणि ती शरयू धक्क्यार वाट बघीत रवता ती रवताच.”

एवढे बोलून भाईने बशीत चहा ओतला आणि फुर्र करून प्याला. आमच्या वाडीचे वाचनालय हा भाई चालवायचा. वाचनालय कसले, एक कपाट आणि त्याची एक किल्ली. माणूस लाखाचा, पण कुठे काय बोलू नये हे त्याला कधी कळले नाही. त्यातून आठवडाभर तो कुडाळला बहिणीकडे गेला होता, म्हणजे वाडीत काय घडले याचा त्याला पत्ताच नव्हता. तुळसेच्या तोंडाकडे बघितले असते तरी कळले असते. पण भाई बशीत बघत होता.

पासष्ट सालची गोष्ट. सप्टेंबर चालू होता आणि लढाई पेटली होती. तुळसेचे खाडीकाठी, तरीची होडी लागते तिथे, हॉटेल होते. तरीची वाट बघणाऱ्या माणसांना चहा आणि कांदाभजी द्यायची, आणि उधारी मागणाऱ्याला शिव्या. नवरा गलबतावर गेला तो परत आलाच नव्हता. एकुलता एक मुलगा बाबू पलटणीत होता आणि चतुर्थीपासून त्याचे पत्र नव्हते. घरात या दोघीच, तुळसा आणि सून सुगंधा.

हॉटेलात बॅटरीवरचा रेडिओ होता. त्यावर दर रविवारी दुपारी मुंबईहून एक श्रुतिका लागायची. मागच्या महायुद्धातली प्रेमकथा, कुठल्याशा कादंबरीवरून केलेली. माधव लढाईवर जातो, शरयू वाट बघते. सुरुवातीला बायका नुसत्या गंमत म्हणून यायच्या. माधवचा आवाज गोड आहे म्हणून सुगंधाला चिडवायच्या. मग खरीच लढाई सुरू झाली आणि चिडवणे थांबले. सगळ्याजणी पदराचे टोक तोंडात धरून ऐकायला लागल्या.

मागच्या रविवारी माधव बेपत्ता झाला. रेडिओ बंद होताच सुगंधा उठली ती थेट रवळनाथाच्या देवळात. पायरीवर उभी राहून, चार बायका फुले काढत होत्या त्यांच्या देखत, तिने मोठ्याने गाऱ्हाणे घातले.

“बा देवा रवळनाथा, मी दुसरो कौल मागणंय नाय. रेडिओतलो माधव परत इलो तर माझो घोव परत येतलो, असो मी तुझो कौल समजतंय. नाय इलो तर...”

पुढचे तिला बोलवले नाही. पण बोलली तेवढे पुरे होते. आमच्याकडे होडी पाण्यात लोटायची तरी आधी गाऱ्हाणे, घराचा पाया खणायचा तरी गाऱ्हाणे. देवासमोर एकदा तोंडातून गेलेले मागे येत नाही. गुरव तिला म्हणाला, “काय केलंस गो बाय ह्या!” ऐकून तुळसेची पाचावर धारण बसली. तरी तिने मनाची समजूत घातली होती की गोष्टच ती, नायक शेवटी यायचाच. आणि आता हा भाई सांगतो, मरतो!

रविवार उजाडला. श्रुतिकेचा शेवटचा भाग त्या दिवशी होता. दुपारी हॉटेल भरले. सुगंधा नेहमीच्या जागी, रेडिओच्या अगदी पुढ्यात, डोक्यात अबोलीचा वळेसार माळून बसली. तुळसेने खुंटी फिरवली. रेडिओ गप्प. पुन्हा फिरवली. गप्प.

“बॅटरी संपली,” तुळसा म्हणाली. “आता काय करतलास? जावा सगळी घराक.”

“सकाळी तर बातम्यो लागल्यो,” कोणीतरी म्हणाले.

“लागल्यो म्हणान आता लागाक होयो? तू काय बॅटरी घालून दितलंस?” तुळसा खेकसली. बायका कुरकुरत उठल्या.

उठताना सुगंधाने रेडिओच्या मागे एकदा नजर टाकली आणि घरी गेली. दारात पोचेपर्यंत तिने डोक्यातली अबोली काढून टाकली होती. रात्री जेवली नाही. सकाळी कुंकू लावताना ते भुवईपर्यंत ओघळले, तेही तिने पुसले नाही. तुळसा ते बघत होती. वाचवायला गेले आणि हे काय होऊन बसले, असे तिला झाले. शेवट ऐकला नाही म्हणजे टळला, एवढेच तिला वाटले होते. पोरीने तर न ऐकताच निकाल लावला होता.

सोमवारी भाई मालवणला गेला होता. रविवारी संध्याकाळीच कोणीतरी त्याला गाऱ्हाण्याची हकिगत सांगितली होती आणि त्याने कपाळ बडवून घेतले होते. दुपारी तरीतून उतरला तो धावतच हॉटेलात शिरला.

“तुळसाबाय, माधव परत इलो गो! माझ्या मेव्हण्यान मालवणात आयकल्यान. पुस्तकात मारल्यानी, पण रेडिओवर जगवल्यानी! आता लढाई चालू आसताना सैनिकाक कोण मारतलो?”

तुळसेने चुलीवरची कढई तशीच सोडली. भजी करपली, गिऱ्हाईक ओरडले, तिला शुद्ध नव्हती. घरी सुगंधा तांदूळ पाखडत होती.

“सुगंधा! परत इलो! माधव परत इलो गो!”

सूप थांबले नाही. “आये, काल बॅटरी संपूक नव्हती. तार सुटलेली मी बघितलंय.”

तुळसेच्या तोंडचे पाणी पळाले.

“काल खोटा बोललास. आज माका बरा वाटाचा म्हणान आणि एक खोटा.”

“नाय गो, भाईन सांगल्यान. इचार तेका!”

“भाईक कित्याक इचारू? सगळेच माझी कीव करतत.” सुगंधाने सूप बाजूला ठेवले. “खरा आसात तर देवाच्या पायरेर हात ठेवन सांगा.”

“चल,” तुळसा म्हणाली. “आत्ता चल.”

तावातावात निघाली खरी, पण वाटेतच तिची पावले मंदावली. भाईने तरी कुठे ऐकले होते? मेव्हण्याने ऐकले म्हणे. आणि भाई किती हळहळला होता कालपासून! पोरीसाठी रचून सांगितले असेल तर? तिने स्वतः नव्हते का रचले? पायरीवर हात ठेवून खोटे बोलले तर ते कोणावर उलटेल? तिच्यावर नाही. बाबूवर.

देवळात कोणी नव्हते. तुळसा वाकली. हात पुढे केला. पायरी वीतभर खाली राहिली आणि हात तिथेच थांबला.

“ठेवा,” सुगंधा म्हणाली.

हात खाली जात नव्हता.

“ठेवा मगे. कित्याक थांबलास?”

“माका ठावक नाय गो!” तुळसा रडायलाच लागली. आयुष्यभर दुसऱ्याला रडवणारी ती बाई, पोरासारखी हुंदके द्यायला लागली. “मी आयकूक नाय. भाई सांगता ता खरा आसात. माका खरा वाटता. पण मी माझ्या कानान आयकूक नाय. तार मीच काढलंय. माका भिया वाटला.”

“भिया? तुमका?”

“माझो झील आसा तो, सुगंधा.”

सुगंधा बघतच राहिली. सासूच्या डोळ्यांत पाणी तिने कधी पाहिले नव्हते. पत्र आले नाही की हीच बाई म्हणायची, शाई संपली असेल मेल्याची. रोज रात्री घोरायची. आता सुगंधाला कळले की ते घोरणे खोटे होते, एका घरात, एका भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोघी जाग्या होत्या आणि एकीनेही दुसरीला हाक मारली नव्हती.

तेवढ्यात गुरव मागच्या दाराने आला. दोघींना बघून बिचकला.

“काय गो? कौल लावचो आसा?”

तुळसेने सुनेकडे बघितले. सुगंधाने देवाला हात जोडले, बराच वेळ.

“नको,” ती म्हणाली. “आता काय इचारूचा नाय.”

तिने खाली वाकून सासूचा तो अधांतरी राहिलेला हात धरला, आपल्या पदराने त्यावरचे पीठ पुसले आणि तिला उठवले.

“चला आये. सकाळपासून तुमी पण काय खावक नाय.”