अपेक्षाची रजा आणि मी

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. तुम्ही जमिनीवर जेवायला बसला आहात, अशी कल्पना करा. समोर ताट आहे, ताटाभोवती रांगोळीची एक रेघ आहे. फरशी गार आहे, पण ती तुम्हाला लागत नाही. का बरं लागत नाही? हात खाली नेऊन पाहा. तिथे मी आहे.

मी एक जुना पाट आहे. काळाचौकीच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर राहतो. कुशाबा नावाच्या सुताराने मला घडवले. तो कापडगिरणीत कामाला होता. गिरणीत मोडीत निघालेली एक सागवानी फळी त्याने घरी आणली, रंधा मारला, खाली दोन आडव्या पट्ट्या ठोकल्या. त्या फळीतून आम्ही सहा भावंडे जन्मलो.

आम्हाला लगेच काम मिळाले. कुशाबाची बायको शेवंतीबाई घरीच खाणावळ चालवत असे. कोकणातून एकटेच आलेले गिरणी कामगार पाळी सुटली की येत, आमच्यावर मांडी घालून बसत आणि माशाची कढी ओरपत. "वहिनी, पाट सहा आणि माणसं दहा! आम्ही काय उभ्याने जेवू?" असे कोणीतरी रोज म्हणे. शेवंतीबाई म्हणे, "उभ्याने जेवा, कमी जेवाल."

ती स्वतः मात्र उभीच असे. पोटात पहिले बाळ होते तेव्हाही ती शेवटच्या दिवसापर्यंत चुलीपुढे उभी होती. ते बाळ जगले नाही. कारण कोणालाच कळले नाही, पण तिने दोष स्वतःच्या उभे राहण्याला दिला. त्यानंतर तिने घरात एक नियम केला. सातव्या महिन्यात डोहाळजेवण करायचे, आणि त्या दिवशी पाटावरून उठलेल्या बाईने बाळ होईपर्यंत कामाला जायचे नाही. मग निलेश झाला, सुखरूप. नियम पक्का झाला.

पुढे गिरणी बंद पडली, खाणावळ संपली. घरात टेबल आले. माझी भावंडे एकेक करून गेली. एक पाट तर शेजारच्या सुंदराबाईंनी नेला, तो अजून परत आलेला नाही. मी पलंगाखाली गेलो. वर्षानुवर्षे माझ्या अंगावर धूळ होती. कुशाबाही राहिला नाही.

मला बाहेर काढले ते मनूने. मनू ही निलेशची मुलगी, वय वर्षे आठ. तिची आई अपेक्षा दादरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रुग्णांचे रक्त काढते. हे काम दिवसभर उभ्याने असते. यंदा अपेक्षाला पुन्हा दिवस गेले, आणि संध्याकाळी घरी आली की तिचे पाय भरून येत. मनूने मला ओढून काढले, ओल्या फडक्याने पुसले आणि आईच्या पायाखाली ठेवले. मित्रांनो, मी माणसे बसवलेली होती. पाय पहिल्यांदाच सांभाळत होतो.

तिथे, त्या दोन पायांखाली, मला घरातला पेच कळला.

अपेक्षाला एकूण सव्वीस आठवडे रजा होती. त्यातले जास्तीत जास्त आठ बाळ येण्याआधी घेता येत. जितके आधी घ्यायचे, तितके नंतर कमी. मनूच्या वेळी शेवंतीबाईंच्या नियमामुळे ती आठ आठवडे आधीच घरी बसली. मनू दहा दिवस उशिरा आली. त्यामुळे मनू चार महिन्यांची व्हायच्या आतच अपेक्षाला कामावर जावे लागले. मनू बाटली तोंडात धरेना. रोज संध्याकाळपर्यंत रडून तिचा आवाज बसे. या वेळी अपेक्षाने ठरवले होते की रजा घ्यायची ती शेवटच्या आठवड्यात. बाकी सगळी बाळासाठी.

पण डोहाळजेवण झाले की नियम लागू होणार होता. आणि इथे एक चूक तिच्या मदतीला आली.

शेवंतीबाई आठवडे मोजत नाही. ती माघ, फाल्गुन, चैत्र असे मराठी महिने बोटांवर मोजते. यंदा अधिक महिना आला होता, म्हणजे ज्येष्ठ दोनदा आला. शेवंतीबाईंनी दोन्ही मिळून एकच धरला. तिच्या हिशेबात एक अख्खा महिना गळाला, म्हणजे डोहाळजेवणही महिनाभर पुढे गेले.

"डॉक्टर ऑक्टोबर म्हणताहेत," निलेश एकदा म्हणाला.

"डॉक्टर काय म्हणायचं ते म्हणोत. दिवाळीचा फराळ खाऊनच येणार माझं नातवंड," शेवंतीबाई म्हणाली.

यंदा दिवाळी नोव्हेंबरात येत होती. निलेशने बायकोकडे पाहिले. "मला मध्ये घेऊ नका," असे म्हणून तो नळावर पाणी भरायला गेला.

आजी गॅलरीत गेल्यावर मनूने बोटे मोजून पाहिली. "आई, आजीचा एक ज्येष्ठ राहिला."

"राहू दे. आजीला सांगायचं नाही हं."

"खोटं बोलायचं?"

"खोटं नाही गं. फक्त गप्प बसायचं. मला बाळाजवळ जास्त दिवस राहायचंय. तुझ्याजवळ राहता आलं नाही."

मनूने मान हलवली. एवढ्या लहान मुलीला असे वचन द्यायला लावणे बरोबर होते का? मला तसे वाटत नाही. पण अपेक्षाला दुसरा मार्ग दिसत नव्हता, हेही मी पाहत होतो.

श्रावणातल्या दुसऱ्या शुक्रवारी डोहाळजेवण ठरले. शेवंतीबाईंच्या मते तो सातवा महिना होता. डॉक्टरांच्या हिशेबाने तेहतिसावा आठवडा होता, म्हणजे आठवा महिना. तरीही अजून सात आठवडे उरत होते, म्हणून नियम मोडून सोमवारी पुन्हा लॅबला जायचे, असे अपेक्षाने मनाशी ठरवले होते.

त्या दिवशी मला चुन्याने आणि गेरूने रंगवले. कित्येक वर्षांनी माझ्याभोवती रांगोळी आली. अपेक्षा हिरवी साडी नेसून माझ्यावर बसली आणि बायका डोहाळ्यांचे गाणे म्हणत तिला फुलांचे दागिने घालू लागल्या. पायांतले पैंजण मनूने स्वतः गुंफले होते, आईच्या चांदीच्या पैंजणांचे माप घेऊन. तिने एक पैंजण आईच्या पायाला लावला. तो पुरेना. दुसरा लावला. तोही पुरेना. मधे दोन बोटे जागा उरत होती. मनूने पायावर अंगठा दाबला आणि उचलला. अंगठ्याचा खड्डा तसाच राहिला.

अपेक्षा खाली वाकून कुजबुजली, "राहू दे मनू, दोरा बांध."

मनूने एकदा आईकडे पाहिले. मग ती महिन्यांबद्दल एक शब्दही न बोलता मोठ्याने म्हणाली, "आजी, जरा इथे ये. हे बघ."

शेवंतीबाई आली, गुडघ्यावर हात ठेवून माझ्याशेजारी बसली. तिनेही अंगठा दाबला. "अगो बाय माझे! ही सूज कधीपासून?"

"आठवडा झाला," अपेक्षा म्हणाली. "डोकंही जड असतं."

"सातव्यात एवढी सूज?"

गाणे थांबले. अपेक्षाने मान खाली घातली. "आठवा आहे, आई. तुम्ही ज्येष्ठ एकदाच धरलात. मला माहीत होतं. मी बोलले नाही."

शेवंतीबाईंनी बोटे मोजली, पुन्हा मोजली. मागून सुंदराबाई म्हणाल्या, "शेवंतीबाई, तुम्ही तर अख्खा महिना गिळलात की!"

"तू गप बस. माझा पाट आधी परत कर," शेवंतीबाई म्हणाली. मग तिने निलेशला हाक मारली.

त्याच संध्याकाळी निलेश अपेक्षाला डॉक्टरांकडे घेऊन गेला. रक्तदाब वाढला होता. डॉक्टरांनी सांगितले, घाबरू नका, पण उद्यापासून काम बंद, आणि दर दोन दिवसांनी तपासायला या.

घरी आल्यावर अपेक्षाने पाय माझ्यावर ठेवले आणि रडू लागली. "सात आठवडे गेले. पुन्हा तेच होणार. पुन्हा बाळ रडत राहणार आणि मी दादरला."

शेवंतीबाई बराच वेळ तिचे पाय चेपत राहिली. मग म्हणाली, "मनूच्या वेळी मी तुला धट्टीकट्टी असताना बसवलं. ते माझं भय होतं, तुझी गरज नव्हती. यंदा गरज आहे. रजा संपली की रोज दुपारी बाळाला घेऊन मी दादरला येईन. तुझ्या लॅबच्या मागच्या खोलीत बसेन. पाज आणि पाठव आम्हाला."

"तुम्ही? रोज? तुमचे गुडघे?"

"टॅक्सीला गुडघे लागत नाहीत."

अपेक्षा हसली, नाक पुसले आणि फोनवर रजेचा अर्ज लिहायला लागली. 'कधीपासून' या रकान्यात तिने उद्याची तारीख घातली. या वेळी तिला कोणी घालायला लावली नव्हती.

मित्रांनो, मी लाकूड आहे, मला महिने मोजता येत नाहीत. पण एवढे सांगतो. कोणाचे पाय भरून आले, तर किती महिने झाले हे विचारण्याआधी त्याला बसायला काहीतरी द्या. आणि तुमच्या पलंगाखाली एखादा जुना पाट असेल, तर तो पुसून हाताशी ठेवा.

अपेक्षाला झोप लागली, तेव्हा मनूने तिचे पाय हळूच उचलून उशीवर ठेवले. मग मला खिडकीजवळ नेले, माझ्यावर बसली, शाळेची वही उघडली आणि बाईंना रजेचा अर्ज लिहिला. 'माझ्या घरी बाळ येणार आहे. आजीला एकटीला जमणार नाही. तरी मला पाच दिवस रजा मिळावी.' दिनांकाच्या जागी ती थोडा वेळ थांबली. मग तिने तिथे तारीख घातली नाही. फक्त लिहिले, 'बाळ येईल त्या दिवसापासून.'