माझ्या अंगावरची दोन नावं

मित्रांनो, मी एक जुना काळा फळा आहे. पण शाळेतला नव्हे, पोलीस चौकीच्या दारातला. चाकणच्या कंपन्यांकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमची चौकी आहे. आपली कहाणी सांगणारे सगळे जन्मापासून निवांत सुरुवात करतात. मला तेवढी उसंत नाही. माझ्या अंगावर एका आजीचं नाव लिहिलेलं आहे आणि ती आजी अजून सापडलेली नाही. तरी थोडं मागचं सांगावं लागेल, नाहीतर तुम्हांला काही उमगायचं नाही.

मला भोसरीच्या एका सुताराने बनवलं. साधी फळी, भोवती चौकट आणि वर काळा रंग. साहेबराव जमादारांनी मला चौकीबाहेरच्या भिंतीवर ठोकलं. त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं. रोज सकाळी ओल्या फडक्याने ते मला पुसत आणि 'नागरिकांना कळविण्यात येते की' असं ऐटीत लिहीत. भाडेकरूंची माहिती चौकीत द्या. चौकात सकाळी अवजड वाहनांना बंदी आहे. बँकेचा ओटीपी कुणालाही सांगू नका. कंपनीच्या बसची वाट पाहणारे कामगार माझ्यासमोर उभे राहत. एखादा मोठ्याने वाचे आणि बाकीचे ऐकत, त्यामुळे ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही खबर पोचे. तेव्हा मला फार मान होता आणि, खरं सांगतो, थोडा माजही होता.

पुढे साहेबराव निवृत्त झाले. चौकीने मोबाइलवर ग्रुप काढला आणि सूचना तिकडे जाऊ लागल्या. तिथे सूचना पडते न पडते तोच तिच्यावर शुभ सकाळची फुलं, देवांचे फोटो आणि गुंठ्यांच्या जाहिराती येऊन पडतात. बिचारी तळाला जाते. इकडे माझा रंग उडाला, चौकटीला वाळवी लागली. चौकीतल्या सोनलताई मात्र हरवलेल्या आणि सापडलेल्या माणसांची माहिती अजून माझ्यावर लिहितात. "ज्याच्याकडे मोबाइल नाही त्यानं कुठं बघायचं?" असं त्यांचं म्हणणं. सापडलेले डावीकडे, हरवलेले उजवीकडे.

यंदा दिवाळीच्या तोंडावर निघोज्याचे आबाजी चौकीत आले. त्यांच्या बायकोला, शालनबाईंना, विसरभोळेपणा जडला होता. दळण आणायला म्हणून त्या गिरणीकडे निघाल्या, त्या घरी परतल्याच नाहीत. आबाजींजवळ फोटो होता तो आधार कार्डावरचा, आणि त्या फोटोत माणूस स्वतःलाही ओळखत नाही. सोनलताईंनी उजवीकडे लिहिलं, 'हरवल्या आहेत: शालनबाई, राहणार निघोजे, अंगावर हिरवं लुगडं.'

दुसऱ्या दिवशी तळेगावकडच्या एका आश्रमातून निरोप आला. एक आजी रस्त्यावर सापडल्या होत्या. नाव ठकुबाई, गाव दिघी, असं त्या स्वतः सांगत होत्या. अंगावर आश्रमाने दिलेली साडी होती. ग्रुपवर फोटोही आला, पण परक्या पुरुषाने मोबाइल समोर धरताच आजींनी पदर पार हनुवटीपर्यंत ओढला होता. दिघीत चौकशी झाली. तिथे आता उंच इमारती झाल्यात आणि कुठल्या ठकुबाईला कुणीच ओळखेना. सोनलताईंनी डावीकडे लिहिलं, 'सापडल्या आहेत: ठकुबाई, राहणार दिघी.'

नाव, गाव, लुगडं काहीच जुळत नव्हतं, म्हणून सोनलताईंना संशय आला नाही. दोन्ही नावं माझ्या अंगावर शेजारी शेजारी होती. एक आजी हरवते आणि लगेच एक आजी सापडते, तेव्हा माझ्या लाकडी मनातही पाल चुकचुकली. पण आबाजींची नजर पडण्याआधीच माझा डावा भाग झाकला गेला. सनीभाऊंचा वाढदिवस आला आणि पोरांनी त्यांचा फ्लेक्स माझ्यावरच बांधला. काळा गॉगल, कानाला मोबाइल आणि खाली शुभेच्छुकांची डोकी. नेमकी ठकुबाई त्याखाली गेली.

आबाजी रोज सकाळी येत. उजवीकडचं बायकोचं नाव बोट लावून वाचत आणि विचारत, "ताई, काय खबर हाय का?"

"नाही हो आबा. कळलं की लगेच फोन करते."

"बरं," म्हणून ते माझ्याच भिंतीला टेकून बसत. मित्रांनो, माझा जीव तुटत होता. त्यांच्या डोक्यापासून हातभर अंतरावर ठकुबाईचं नाव झाकलेलं होतं. फ्लेक्स फाडा हो, एवढंच मला ओरडायचं होतं. पण फळ्याला तोंड नसतं.

शेवटी नवी सूचना लिहायला जागा हवी म्हणून सोनलताईंनीच फ्लेक्सची दोरी कापली. आबाजी तिथेच उभे होते. ते डावीकडची अक्षरं जुळवू लागले. ठ... कु... बाई. दिघी. आणि त्यांनी त्या नावावरच बोट दाबून धरलं.

"ताई, ही माझीच हाय! ठकू तिचं म्हायेरचं नाव. लग्नात म्या ताटातल्या तांदळात अंगठीनं शालन लिवलं. तवापास्नं तिला ठकू कुणी म्हनलंच न्हाई. म्याबी इसरलो, पर ती न्हाई इसरली!"

सोनलताईंनी तिथल्या तिथे आश्रमात फोन लावला. पलीकडून काय उत्तर आलं ते त्यांनी आबाजींना सांगितलं, तेव्हा मलाही कळलं. आजी पहाटेच निघून गेल्या होत्या. दुधाच्या गाडीसाठी फाटक उघडलं, तेव्हा तिथल्या स्वयंपाकीणबाईंना त्या हसून म्हणाल्या होत्या, "दिवाळी हाय न्हवं? माझा मुराळी आलाय न्यायला." सासुरवाशिणीला माहेरी न्यायला येतो त्याला मुराळी म्हणतात. ठकूचे भाऊ तर दिघीची जमीन विकून केव्हाच पांगलेत. तिला न्यायला कुणीही आलेलं नव्हतं.

आता सोनलताईंनी दोन्ही नावं एकाच ओळीत लिहिली आहेत. आबाजी दिवसभर दिघीच्या रस्त्यांवर हिंडतात आणि संध्याकाळी माझ्यापाशी येतात. रोजच्या दवाने खडू पुसट होतो आहे. मला भीती वाटते की आजी सापडण्याआधी ही ओळच पुसून जाईल.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या फळ्यावर फ्लेक्स बांधू नका. येताजाता दोन ओळी मोठ्याने वाचा. आणि आज घरी गेल्यावर आजीला तिचं माहेरचं नाव विचारून ठेवा. पण त्याआधी माझं एक काम करा, मी हात जोडू शकत नाही म्हणून नुसतं सांगतो. तळेगावाहून दिघीकडे येणाऱ्या कुठल्याही रस्त्यावर, कंटेनरच्या रांगेच्या कडेने, एखादी म्हातारी लगबगीने चालताना दिसली, तर तिला शालनबाई म्हणू नका. त्या हाकेला ती थांबायची नाही.

ठकू म्हणा. ती वळून बघेल.