अर्ध्यावर विझलेला डोळा

मित्रांनो, पापणी नसलेला एक जुना डोळा मी आहे. लोक मला कॅमेरा म्हणतात. घराच्या दारासमोर, चपलांच्या कपाटावर माझी जागा. कारखान्यात मला काच मिळाली, पण जगण्याला कारण मिळालं ते या घरात.

इथल्या आजोबांना हल्ली काही आठवत नाही. ते दाराची कडी काढू लागले की मी सूनबाईंच्या फोनवर खबर देतो. त्या ऑफिसातून आजींना फोन लावतात आणि आजी येऊन आजोबांना हाताला धरून आत नेतात. "हा आहे म्हणून मी कामावर जाऊ शकते," असं सूनबाई एकदा म्हणाल्या होत्या. त्या दिवशी मी धन्य झालो.

एका दुपारी सूनबाईंनी ऑफिसातूनच मला अपडेट करायला घेतलं. माझ्या आतल्या जुन्या सूचना पुसून नव्या लिहायच्या होत्या. दहा मिनिटांचं काम, पण तेवढ्यात वीज जाता कामा नये. "आई, कॅमेऱ्याला हात लावू नका हं," त्यांनी फोनवर बजावलं.

आजींनी हात लावला नाहीच. बटणाचं मात्र कुणी बोललं नव्हतं. जेवणं उरकली की घरातले सगळे बोर्ड पाहून यायचे, चालू बटण ठेवायचं नाही, हा आजींचा रोजचा नेम. माझा दिवा लुकलुकताना पाहून त्या पुटपुटल्या, "भर दुपारी दिवा कशाला बाई," आणि बटण बंद केलं.

जुनं पुसलेलं, नवं अर्धंच लिहिलेलं. सूनबाईंच्या फोनवरून चूक कळल्यावर आजींनी घाईने बटण लावलं, पण मला दिसेना. नुसतं ऐकू येत होतं. थोड्या वेळाने आतल्या खोलीत पुन्हा फोन वाजला. सूनबाईंनी धाडलेला कॅमेरेवाला निघालाय, एवढं आजींच्या बोलण्यावरून कळलं. आजी बोलत राहिल्या, आणि इकडे कडी वाजली.

मित्रांनो, ती भीती कशी सांगू? दार उघडलं. चपला घासत बाहेर गेल्या. मला खबर देता येईना.

किती वेळ गेला कोण जाणे. मग कॅमेरेवाल्याचा अनोळखी आवाज आला. "आजी, हे जिन्यात भेटले. मलाच पत्ता विचारत होते."

"कुणाचा?"

"याच घराचा."

"या, आत या," म्हणत आजींनी आजोबांना आत घेतलं.

कॅमेरेवाल्याने मला उलटं करून पोटावरचा नंबर दोनदा वाचला. "दुसऱ्या कॅमेऱ्याची फाईल गेली तर हा कायमचा गेला," तो म्हणाला. माझ्याच सूचनांची फाईल मेमरी कार्डात घालून ते त्याने माझ्यात सरकवलं आणि मला नव्याने सुरू करायच्या बारीक छिद्रात टाचणी दाबून धरली. आजींची पावलं बोर्डापाशी थांबली. "पाठ लावून उभी आहे, घरचे लोक आले तरी हटायची नाही," त्या म्हणाल्या.

दिसू लागलं तेव्हा दार कुठलं, खबर कुणाला द्यायची, सगळं विसरलो होतो. संध्याकाळी सूनबाईंनी न चिडता एकेक गोष्ट पुन्हा शिकवली.

म्हणून हात जोडून सांगतो, मित्रांनो. कुणाच्या आत काही घडत असेल, तर पुरतं होईपर्यंत थांबा. मधेच वीज काढू नका. आणि कुणी सगळं विसरून परत आलं, तर 'कसं विसरलास' असं विचारू नका. आत घ्या, आणि हे तुझंच घर आहे, एवढं सांगा.